योल्बार्सचा चाळिसावा

फरवर्दीन १८

मायसा म्हणते, आधी तारीख घालायची, मग बाकीचं. घाल बाई. मला एवढंच कळतं की योल्बार्स गेल्याला आज अकरावा दिवस.

ही वही गोंबदच्या शर्यतीच्या मैदानावरून आली. तिथले सालारीसाहेब कचेरीत काचेचं कपाट करणार आहेत, जुन्या नामांकित घोड्यांसाठी, आणि त्यात पहिला मान आमच्या योल्बार्सचा. "आजींना आठवेल ते रोज थोडं थोडं उतरवून घ्या, आम्ही त्यातून चार ओळी काढू," असा निरोप आहे. चोवीस वर्षांच्या घोड्याच्या चार ओळी! म्हणजे अख्खा उंट कापायचा आणि शेपटीचा रस्सा वाढायचा. तरी सांगते. मला लिहिता येत नाही. पण विसरताही येत नाही, तेव्हा फिटंफाट.

मायसा माझ्या तागानची मुलगी. गोंबदला मास्तरीण व्हायचं शिकते, दर दोन दिवसांनी गावी येते. मी सांगेन तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, असं कबूल करून घेतलंय. मान तर हलवली. पण मान तिचा बापही हलवतो.

तर पहिली गोष्ट. योल्बार्स म्हणजे वाघ. नाव तागानच्या बापानं ठेवलं. शिंगरू जमिनीवर पडलं, ओलंच होतं, अंगावर पितळेसारखी चकाकी, आणि हा म्हणाला, "वाघ आहे वाघ!" तेवढ्यात माझी कोंबडी तबेल्यात शिरली. वाघ आईच्या पोटाखाली. त्या दिवसापासून शेवटापर्यंत तो कोंबड्यांना भ्यायचा. सगळ्या तुर्कमेन मुलखात ज्याच्या पुढे घोडा गेला नाही तो माझ्या लाल कोंबडीच्या पुढे कधी गेला नाही. साहेबांना सांग, ही पहिली ओळ.


फरवर्दीन २०

मायसानं काल सालारीसाहेबांना फोनवर पहिली ओळ वाचून दाखवली. ते हसले म्हणे, आणि म्हणाले, "आजींना म्हणावं, काही पराक्रमाचंही सांगा."

बरं, पराक्रम. आख-कलाजवळच्या एका मोठ्या लग्नातली शर्यत. आदल्या दिवशी पाऊस पडून शेवटच्या वळणावर हे एवढं डबकं. पुढचे तीन घोडे त्यातून चिखल उडवत गेले. योल्बार्सनं डबकं पाहिलं आणि अशी उडी मारली की तिघांच्या पुढेच जाऊन पडला. लोक अजून त्या उडीचं वर्णन करतात, मिशांना पीळ देऊन. अहो, तो पाण्याला घाबरला होता! पाय ओला करायचा नव्हता त्याला. मग शर्यत जिंकल्यावर जेवणापुरताही थांबला नाही. गळ्यात रुमाल बांधून घेतला आणि स्वाराला घेऊन अकरा किलोमीटर धावत थेट आमच्या दारात. स्वार उतरून मला म्हणाला, "काकी, जेवण तिकडे राहिलं, मला इथे काहीतरी द्या."

तो रुमाल माझ्याकडे आहे. सगळेच आहेत. आमच्यात जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यात बायका डोईवरचा झालरीचा रुमाल बांधतात. मैदानावर काय, लग्नात काय, कप पुरुषांचा आणि रुमाल घोड्याचा. कप तागाननं फडताळात मांडलेत, त्यांवर धूळ बसते. रुमाल माझ्या पेटीत, डाळिंबाच्या साली घालून. सत्तावीस. हिरवा कुठला, किरमिजी कुठला, त्या दिवशी वारा कुठून होता, कोण पडलं, कोण रडलं, सगळं मला त्यावरून सांगता येतं.

आणि सत्तावीसपैकी नऊ वेळा दुसरा कोण आला, तेही सांगते. शेजारच्या ओगुलबेगचा काळा घोडा. ती काय म्हणते माहीत आहे? "आमचा काळा दुसरा आला नसता, तर तुमच्याला पहिला कोण म्हणालं असतं?" तीस वर्षं मी या बाईच्या कुंपणाला कुंपण लावून राहते.


फरवर्दीन २४

आज शुक्रवार. तळण केलं. गेलेल्या माणसांना तळणाचा वास पोचतो, म्हणून शुक्रवारी तेल तापवायचं. मी पातळ पोळ्या तळल्या. या पोळ्या योल्बार्सला माझ्या हातून लागायच्या, शर्यतीच्या हंगामात जवाबरोबर, आणि हंगाम संपला तरी. दात गेल्यावर दुधात कुस्करून. सून म्हणाली, "आई, घोड्याला वास पोचतो का?" मी म्हटलं, "नाक त्याचं तुझ्या सगळ्या खानदानापेक्षा लांब होतं."

तळता तळता मनात आलं ते सांगते.

आमच्यात कोणी पुष्कळ जगून, नाव कमावून गेलं की त्याच्या नावानं जेवण घालतात आणि आलेल्यांना कापडाच्या पट्ट्या फाडून वाटतात. ती पट्टी नेऊन लोक नातवाच्या अंगरख्याला शिवतात, म्हाताऱ्याच्या उशीखाली ठेवतात, म्हणजे त्या माणसाचं आयुष्य, त्याचं भाग्य थोडं आपल्याही घरी येतं. पोर गेलं तर पट्ट्या नाहीत. अर्ध्यात गेला तर नाहीत. पुरतं जगलेल्याचाच तो मान.

घोड्याला चोवीस वर्षं म्हणजे माणसाची ऐंशीच्या वर. नाव तर केवढं. मग त्याच्या पट्ट्या का नाहीत? आणि कापड विकत कशाला आणायचं? त्याचेच सत्तावीस रुमाल आहेत.

तागानचा बाप गेला त्या खोकल्याच्या साथीत. गोरगानच्या इस्पितळातून परस्पर नेला. पाच माणसं कबरीशी, तीही तोंड बांधून, आणि बायकांना मनाई. जेवण नाही, पट्ट्या नाहीत, कोणी आलं नाही. येऊ द्यायचंच नव्हतं कोणाला. नंतर साथ गेली, पण मग वर्ष उलटून गेलं होतं, आणि कोणी विषय काढला की मी म्हणायची, पुढच्या वर्षी. असो. मी घोड्याचं सांगत होते.

तर पुढच्या महिन्यात, ओर्दीबेहेश्तच्या सोळाला, त्याचा चाळिसावा दिवस पडतो. त्या दिवशी जेवण आणि रुमाल. ठरलं.


फरवर्दीन २७

तागानला सांगितलं. तो तबेल्यातल्या दुसऱ्या घोड्याच्या खुराला तेल लावत होता, हातातली डबी पडली.

"आई, घोड्याचा चाळिसावा?"

"मग काय गाढवाचा?"

"गाव हसेल. मैदानावर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तागानच्या घरी घोड्याच्या नावानं दुआ मागतात म्हणतील."

"घोड्याच्या नावानं तुझं लग्न झालं तेव्हा नाही हसलं गाव. तुझ्या सासऱ्यानं तुला पाहून नाही मुलगी दिली, योल्बार्सला पाहून दिली."

सून आतून खोकली. म्हणजे खरं आहे.

मग त्याचं खरं दुखणं बाहेर आलं. रुमाल त्यानं साहेबांना कबूल करून टाकलेत. सगळे सत्तावीस. काचेच्या कपाटात ओळीनं लावणार, मधे योल्बार्सचा फोटो, लगाम धरलेला बाप शेजारी, खाली पितळेच्या पाटीवर दोघांचं नाव. "पन्नास वर्षांनीही लोक बघतील, आई. पट्ट्या करून वाटल्यास तर दोन वर्षांत कुठे काय गेलं कळणारही नाही."

वाईट नाही बोलला. तागान घोड्यांशी चांगला बोलतो, माणसांशी आजच बोलला. पण मी म्हटलं, "काचेआडचं कोणाच्या अंगाला लागतं का रे?" त्यावर त्यानं खूर पुन्हा हातात घेतला.

पेटीची किल्ली मी गळ्यात घातली आहे.


फरवर्दीन २९

मशिदीच्या आखुंदांकडे गेले. दुआ त्यांनीच पढायची असते. हे आखुंद म्हणजे आमच्या खरबुजाच्या वाडीत चोऱ्या करणारं पोर, आता पांढरी दाढी आलीय. मी दारात बसले, चहा घेतला, एका किटलीची दुसरी झाली, मग सांगितलं.

ते म्हणाले, "काकी, जनावरासाठी दुआ नाही पढता येत. जेवण घाला, गरिबांना द्या, पुण्यच आहे. पण दुआ नाही."

"आणि पट्ट्या?"

"पट्ट्या माणसाच्या."

"त्या घोड्यानं तुमच्या मशिदीची भिंत उभी केली. बारा वर्षांपूर्वीचं बक्षीस विसरलात?"

"काकी," ते हळूच म्हणाले, "मेरेद आगांचं तुम्ही अजून काहीच केलं नाही."

नाव मायसानं लिहिलं, माझ्या तोंडात ते येत नाही. सासरच्या घरात पाय ठेवला त्या दिवसापासून मी तागानच्या बापाचं नाव घेतलेलं नाही, आणि आता सवय मोडायचं वय नाही. मी आखुंदांना म्हटलं, "त्या वर्षाला आता काय करायचं? तो दिवस गेला. घोड्याचा अजून आहे." आणि उठले. माझी दुसरी किटली अर्धी राहिली.

येताना गव्हाच्या शेताकडून आले. योल्बार्सला तिथे पुरलंय, कालव्याच्या बाजूला. माती अजून बसली नाही.


फरवर्दीन ३१

ओगुलबेगला कळलं. कुंपणावरून म्हणाली, "ऐकलं ते खरं का गं? घोड्याचा चाळिसावा घालतेस?"

"घालते. तुझ्या काळ्याचाही घातला असता, पण पट्ट्या फाडायला रुमाल कुठून आणणार होतीस?"

"मी नाही येणार. घोड्याच्या जेवणाला मी काय चंदी खाऊ?"

"नको येऊस. भांडी तेवढी दे, तुझं मोठं पातेलं."

पातेलं दिलं. ओढत आणून कुंपणाशी ठेवलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग विचारलं, "किती वर्षं झाली गं तुझ्या घरी कोणी जेवायला बसून?" मी म्हटलं, "चार." ती तशीच परत गेली. नऊ वेळा हरल्याचं अजून पोटात आहे तिच्या.


ओर्दीबेहेश्त ३

आश्चर्य लिही, मायसा, मोठ्या अक्षरात. तागान सकाळी आपणहून आला आणि म्हणाला, "आई, तू म्हणतेस तसं करू. जेवण घालू."

"आणि रुमाल?"

"रुमाल तुझे."

मी विचारलं, ताप आहे का. कपाळाला हात लावून पाहिला. नव्हता. वर म्हणतो, एक बोकड पुरणार नाही, दोन मेंढ्या धरू. मी म्हटलं, लोक हसतील म्हणत होतास. तर म्हणाला, "हसू दे."

बघा. जरा किल्ली गळ्यात घालून फिरलं की मुलगे सुधारतात.

ओगुलबेग मात्र दोन दिवस घरोघर फिरते आहे. गुडघे दुखतात म्हणून जी मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही ती काल कालव्यापलीकडच्या वस्तीवर गेली होती, नातवाच्या मोटारसायकलवर बसून. माझ्याविरुद्ध लोकांचे कान भरत असणार. भरू दे. योल्बार्सचं नाव एका बाईच्या तोंडानं बुडत नाही. मायसाला म्हटलं, तू काही ऐकलंस का? तिनं मान खाली घालून पेनाचं टोपण शोधलं. टोपण पेनालाच होतं.


ओर्दीबेहेश्त ७

आज सांगते ते साहेबांना वाचून दाखवायचं नाही.

कोणी आलंच नाही तर? दोन मेंढ्या, शंभर माणसांच्या रोट्या, फाडलेले सत्तावीस रुमाल, आणि अंगणात मी, तागान आणि लाल कोंबडी. तागानचं म्हणणं खरं ठरेल. रुमाल तर पुन्हा जोडता येणार नाहीत. कपाटही गेलं, पट्ट्याही गेल्या. मग योल्बार्स कोण होता हे माझ्याबरोबर मातीत जाईल, आणि माझ्याबरोबर म्हणजे फार दूरची गोष्ट नाही.

शेवटच्या हिवाळ्यांत तो सारखा रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. गोरगानकडे जातो तो रस्ता. तागानच्या बापाला गाडीत घालून नेलं तिकडे. लोक म्हणायचे, मालकाची वाट बघतोय, बघा मुकं जनावर. मी म्हणायची, वारा मागून यायचा म्हणून तो तसा उभा राहतो, शेपटीकडून वारा घोड्याला बरा वाटतो. अजून तेच म्हणते. पण वारा नसला तरी तो तसाच उभा राहायचा, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

असो. येतील लोक. न येऊन सांगतात कोणाला!


ओर्दीबेहेश्त १०

सालारीसाहेब रुमाल न्यायला गाडी घेऊन आले. तागाननं त्यांना सांगितलंच नव्हतं! कोपऱ्यात उभा राहून भिंतीचा रंग बघत होता. शेवटी मीच सांगितलं. साहेब बिचारे शहरातले, सभ्य. त्यांचा चेहरा वाळलेल्या खरबुजासारखा झाला.

"आजी, हा इतिहास आहे. इतिहास असा फाडून वाटत नाहीत."

"मग कसा वाटतात?"

"वाटत नाहीतच. जपतात."

"वीस वर्षं डाळिंबाच्या सालीत जपला. एकालाही कसर लागू दिली नाही. आता म्हातारी झाले, मला खर्च करू द्या."

ते हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. म्हणाले, निदान एक तरी द्या. मी म्हटलं, सोळाला या. सगळ्यांना मिळतं ते तुम्हालाही मिळेल, कमी नाही, जास्त नाही.

जाताना त्यांनी वहीबद्दल विचारलं. वही मी देणार नाही. माझं अजून चाललंय.


ओर्दीबेहेश्त १५

हात भरून आलेत. आज रोट्या तोडल्या. उद्याच्या जेवणाला तंदूरच्या रोट्या आणि शिजलेलं मांस नखाएवढं बारीक तोडून, कांदा घालून मळून ठेवायचं, वरून रस्सा. सुरीला हात लावायचा नाही, सगळं बोटांनी. त्याला बायका लागतात. मला वाटलं होतं, सून, मायसा आणि मी अशा तिघी मरू. दुपारच्या आधी अठरा बायका येऊन बसल्या, आपापली चादर घेऊन. मी न बोलावता. माझा दरारा अजून आहे म्हणायचा.

आणि एकोणिसावी ओगुलबेग.

"तू येणार नव्हतीस ना?"

"जेवायला येणार नव्हते. काम करायला कुठे नाही म्हटलं?"

चार वाजता पेटी उघडली. सगळ्या जणी रोट्या सोडून पेटीभोवती सरकल्या. पट्टीलाही कात्री चालत नाही, दातानं काठ तोडायचा आणि हातानं फाडायचं. पहिला रुमाल मी घेतला, डबक्याच्या शर्यतीचा. माझे दात वरचे चार. काठ तुटेना. ओगुलबेगनं हातातून ओढून घेतला, दातात धरला आणि चर्रकन फाडला. मग तिनं पेटीतून तो किरमिजी शोधून काढला, ज्या दिवशी तिचा काळा नाकभर अंतरानं हरला तो.

"हा मी फाडणार. एकटी. कोणी हात लावू नका. सोळा वर्षं वाट बघितलीय."

इतक्या बारीक पट्ट्या केल्या तिनं त्याच्या, की हसून हसून सुनेला उचकी लागली. सत्तावीस रुमालांच्या तीनशेच्या वर पट्ट्या झाल्या. ओगुलबेग म्हणाली, "पुरतील का?" मी म्हटलं, "घोड्यासाठी तीनशे माणूस? मी म्हातारी आहे, वेडी नाही." तिनं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मायसाकडे. बायका कुठे बघतात यावर लक्ष ठेवायला मला वेळ नव्हता.


ओर्दीबेहेश्त १७

काल लिहिता आलं नाही. आजही सरळ सांगता येईल असं नाही, पण सांगते.

उजाडल्यापासून माणसं येत होती. आधी गावातली, मग कालव्यापलीकडची, मग आख-कला, कलाले, मरावे-तेपेकडच्या गाड्या. पुरुष तागानच्या अंगणात, बायका माझ्याकडे. टोपलीत पट्ट्या घेऊन मी फाटकाशी बसले, येणाऱ्याला एकेक द्यायची.

पहिला आला तो आमचा जुना स्वार, अकरा किलोमीटर उपाशी धावलेला. आता पोट सुटलंय. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "काकी, मेरेद आगांना जागा चांगली मिळो. तेव्हा येता आलं नाही."

मी म्हटलं, "अरे, घोडा. घोड्याचा आहे चाळिसावा."

"हो काकी," म्हणाला. आणि पट्टी कपाळाला लावली.

दुसरी बाई आली, तिनंही तेच. "मेरेद आगा आमच्या घराचा आधार होते, आम्हाला दार बंद होतं हो त्या वर्षी." मी म्हटलं, घोडा. तिसरा. चौथा. अकरा जणांना मी दुरुस्त केलं. बाराव्याला सोडून दिलं. एवढ्या लोकांना एकदम कशी चूक होते? मी ओगुलबेगला हाक मारली, "तू काय सांगून आलीस गं या लोकांना?"

ती रश्श्याचं पातेलं ढवळत होती. वळली नाही. "मी सांगितलं, मेरेद आगांच्या घरी जेवण आहे. खोटं आहे का? घर त्यांचं नाही का?"

मग आखुंद उभे राहिले, जनावराला दुआ नाही म्हणणारे. सगळं अंगण उठलं. पढले, लांबलचक पढले, आणि नाव घेतलं ते तागानच्या बापाचं, त्याच्या बापाच्या नावासकट. तीनशे माणसांनी एकदम तोंडावरून हात फिरवले. तागान पहिल्या रांगेत होता. त्याचे खांदे हलत होते. पन्नाशीचा मुलगा, त्याच्या बापाच्या वेळी मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तोंड बांधलेलं होतं तेव्हा सगळ्यांचं.

मायसाला म्हटलं, बघ, आखुंदांना कसं फसवलं. दुआ पढून घेतलीच की नाही योल्बार्सला! ती म्हणाली, "हो आजी."

सालारीसाहेब आले होते. त्यांना निळी पट्टी मिळाली, मैदानावरच्या पहिल्या शर्यतीची. मी म्हटलं, "घ्या, लावा कपाटात." त्यांनी ती घडी करून आतल्या खिशात ठेवली. म्हणाले, "कपाटात फोटो लावेन. ही आईला देतो. सारी शहरात असते, ऐंशी वर्षांची, दवाखान्यात आहे." मग फोटोखाली काय लिहायचं, विचारलं. मी म्हटलं, लिहा, कोंबडीला भ्यायचा. या वेळी हसले. लिहिणार नाहीत.

सगळे गेले तेव्हा टोपलीत पाच पट्ट्या होत्या. एक मी कालव्याजवळच्या मातीत खोचून आले. ओगुलबेग काठी टेकत मागून आली. म्हणाली, "आमचा काळा कुठे पुरलाय, आठवतं तुला?" मला आठवत होतं. तिथेही एक खोचली.

आल्यापासून मी गप्प आहे असं सून म्हणते. मी गप्प नाही. दमले आहे.


ओर्दीबेहेश्त २०

लोक अजून येतात. उशिरा कळलेले. काल दोन, आज एक. उरलेल्या पट्ट्या संपल्या. आता कोणी आलं तर चहा देते आणि सांगते, घोड्याचं झालं, संपलं. ते मान हलवतात आणि तरी बसून राहतात. बसतात, आणि घोड्याचं एक अक्षर बोलत नाहीत.


ओर्दीबेहेश्त २३

सकाळी बंदर-तुर्कमेनकडचा एक म्हातारा आला, मासेमार, दोन बस बदलून. मी ओळखलं नाही. म्हणाला, "वहिनी, मला काल कळलं. तरुणपणी मेरेद आगाबरोबर दोन उन्हाळे कापणीला होतो."

मी म्हटलं, "योल्बार्सचे रुमाल संपले हो."

"कोण योल्बार्स?"

या मुलखात असा माणूस आहे! मी त्याला सांगणार होते, सगळं सांगणार होते. पण तो आधी सुरू झाला. तागानचा बाप बावीस वर्षांचा होता म्हणे, रोज संध्याकाळी गाढवावर बसून बेसूर गात कालव्यावरून जायचा, कारण पलीकडच्या तंबूत एक मुलगी गालिचा विणायला बसलेली असायची. एक दिवस तिनं वर बघितलं, आणि हा गाढवासकट पाण्यात. चिंब होऊन आला आणि सगळ्यांना सांगत सुटला, "तिनं बघितलं! तिनं बघितलं!"

मी बघितलं होतं. पाण्यात कोणीतरी पडलं म्हणून बघितलं होतं. आधी बघितलं आणि मग पडला, हे मला साठ वर्षं माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नाही. त्यानंही नाही.

म्हातारा दोन तास बसला. हसून माझा चहा सांडला. उठताना त्यानं हात जरासा पुढे केला, पट्टीसाठी, आणि टोपली रिकामी बघून मागे घेतला. "असू दे वहिनी," म्हणाला, आणि तसाच बसच्या रस्त्याला लागला. माझ्या दारातून एक माणूस रिकाम्या हातानं गेला, हे काही बरं झालं नाही.

मायसा, उद्या गोंबदला जाशील तेव्हा बाजारातून पांढरं कापड आण, सुती, चांगलं घट्ट. दहा मीटर. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? लिही. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगला माणूस. दहा कसे पुरतील, वीस आण.